आखूड धावपट्टीवरील विमान-अवतरण

लहान विमान ग्रामीण भागातील कमी लांबीच्या धावपट्टीवर उतरविण्याची क्रिया व तीत संभवणारे धोके. विमानाच्या प्रवासात उड्डाण व अवतरण यांना लागणारा वेळ अल्प असला, तरी अपघातांचा मोठा वाटा याच दोन अवस्थांत आढळतो. अवतरणाच्या वेळी विमान जमिनीजवळ, कमी वेगात व कमी शक्तीवर चालत असते. त्यामुळे चूक सुधारण्यास लागणारी उंची, वेग व वेळ या तिन्ही गोष्टी वैमानिकाच्या हाती अपुऱ्या असतात. लांब धावपट्टी अशा चुका काही प्रमाणात पोटात घेते. आखूड धावपट्टीवर मात्र त्यांना जागा उरत नाही.

‘आखूड’ ही संज्ञा सापेक्ष आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानाला प्रमाण परिस्थितीत लागणाऱ्या लांबीनुसार धावपट्ट्यांचे चार वर्ग पाडले आहेत : ८०० मी. पेक्षा कमी, ८०० ते १,२०० मी., १,२०० ते १,८०० मी. आणि १,८०० मी. व त्याहून अधिक. चार आसनांच्या एकएंजिनी विमानाला ८०० मी. लांबी पुरेशी वाटते; पण तीच लांबी लहान जेट विमानाला घातक ठरू शकते. म्हणून धावपट्टी आखूड आहे की नाही, हे केवळ तिच्या लांबीवरून ठरत नाही. विमानाचा प्रकार, त्याचे वजन, हवेचे तापमान, वारा, पृष्ठभाग आणि सभोवतालचे अडथळे या सर्वांचा एकत्रित विचार करूनच ते ठरते [⟶ विमानतळ].

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : भारतातील नियमित हवाई टपाल वाहतुकीचा आरंभच एका साध्या मैदानावरील अवतरणाने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ हे एकएंजिनी विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले व जुहू येथे उतरविले. जुहूची भूमी समुद्रालगतची व सखल असल्याने पावसाळ्यात तेथे पाणी साचे. त्यामुळे त्या दिवसांत विमाने पुण्याहून चालवावी लागत. धावपट्टीचा उपयोग ऋतूवर अवलंबून असतो, हा धडा असा प्रारंभीच मिळाला. स्वातंत्र्योत्तर काळात जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय धावपट्ट्या बांधण्यात आल्या. शासकीय दौरे, आपत्तीच्या वेळची मदत, उद्योगधंद्यांची गरज, वैमानिकांचे प्रशिक्षण व पिकांवरील हवाई फवारणी हे त्यांचे मुख्य उपयोग होत. फवारणीसाठी हिंदुस्थान एरॉनॉटिक्स या कारखान्याने ‘बसंत’ हे विमान तयार केले व त्याचे पहिले उड्डाण १९७२ मध्ये झाले. फवारणीच्या विमानांना शेतालगतच्या कच्च्या पट्ट्यांवरून दिवसातून अनेकदा चढावे-उतरावे लागे.

खानदेशात जळगाव, धुळे व शिरपूर येथे धावपट्ट्या आहेत. जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधली. पुढे तिची सुधारणा होऊन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. डिसेंबर २०१७ मध्ये प्रादेशिक जोडणी योजनेखाली मुंबईशी लहान विमानांची सेवा सुरू झाली व सप्टेंबर २०१९ मध्ये ‘एटीआर–७२’ या पंखाचक्री विमानांची भर पडली. हा विमानतळ जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असून जामनेर तालुक्याला तोच सर्वांत जवळचा आहे. धुळे व शिरपूर येथील धावपट्ट्या प्रामुख्याने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जातात. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळे येथे चालते. शिकाऊ वैमानिकाच्या शिक्षणाचा बराच भाग अवतरणाच्या सरावात खर्ची पडत असल्याने प्रस्तुत विषयाचे महत्त्व खानदेशात विशेष आहे.

अवतरणाचे टप्पे व अंतर : अवतरणास लागणारे अंतर धावपट्टीच्या टोकावर विमान १५ मी. उंचीवर असल्याचे गृहीत धरून मोजतात. त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग १५ मी. उंचीपासून चाके जमिनीला टेकेपर्यंतचा व दुसरा चाके टेकल्यापासून विमान थांबेपर्यंतचा होय. विमान सामान्यतः क्षितिजाशी ३° कोन करून खाली येते. या कोनात १५ मी. उंची उतरण्यास सु. २९० मी. अंतर लागते. ‘सेसना–१७२’ या जगभर प्रचलित असलेल्या चार आसनी विमानाला समुद्रसपाटीवर, प्रमाण तापमानात व कोरड्या पक्क्या पृष्ठभागावर जमिनीवरील धावेसाठी सु. १७५ मी. पुरतात, मात्र १५ मी. उंचीपासून मोजल्यास एकूण अंतर सु. ४०० मी. भरते. म्हणजे जमिनीवरील धावेपेक्षा हवेतील अंतरच अधिक असते. नवशिक्याचे लक्ष ब्रेकवर असते. आखूड धावपट्टीवरील यशापयश मात्र चाके टेकण्यापूर्वीच बव्हंशी ठरून गेलेले असते.

धावपट्टीच्या तोंडाशी उंच झाडे किंवा तारा असल्यास तिची उपयुक्त लांबी आणखी घटते. टोकाशीच १५ मी. उंचीचे झाड आहे असे मानल्यास ३° कोनात त्याच्या शेंड्यावरून येणारे विमान पहिल्या २९० मीटरांत टेकू शकत नाही. धावपट्टी ८०० मी. लांबीची असेल, तर तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग असा वाया जातो. अशा ठिकाणी अधिक तीव्र कोनात उतरावे लागते व त्यासाठी पंखांच्या मागील कडेच्या फ्लॅप नावाच्या झडपा पूर्ण उघडतात. त्यांमुळे उत्थापन व रोध दोन्ही वाढून विमान कमी वेगात व तीव्र उतारावर येऊ शकते.

वेगाचा परिणाम : हवेचा प्रवाह पंखावरून सुटू लागून उत्थापन ढासळते, त्या किमान वेगाला वैमानिकांच्या भाषेत स्टॉलचा वेग म्हणतात. अवतरणासाठी येताना विमानाचा वेग त्याच्या १·३ पट ठेवण्याची प्रथा आहे. गतिमान विमानाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते व ती सर्व ऊर्जा थांबताना खर्च करावी लागते. म्हणून वेग एक दशांशाने वाढला, तर थांबण्याचे अंतर सु. २१ टक्क्यांनी वाढते. याखेरीज जास्त वेगाने आलेले विमान लगेच टेकत नाही. जमिनीपासून पंखांच्या विस्ताराएवढ्या उंचीच्या आत रोध कमी होतो व विमान धावपट्टीवर तरंगत पुढे जाते. ताशी १२० किमी. वेगाने जाणारे विमान दर सेकंदास सु. ३३ मी. अंतर तोडते, केवळ तीन सेकंद तरंगले, तरी १०० मी. धावपट्टी मागे पडते.

याउलट अंतर वाचविण्याच्या हेतूने वेग फार कमी केल्यास धोका दुसऱ्या बाजूने येतो. शेवटच्या वळणावर हा धोका सर्वाधिक असतो. वळणात विमान कलते व त्याला पेलण्यास अधिक उत्थापन लागते. त्यामुळे स्टॉलचा वेग वाढतो. कल ३०° असताना ही वाढ ७ टक्के, ४५° असताना १९ टक्के व ६०° असताना ४१ टक्के असते. वळण घेण्यास उशीर झाल्याने धावपट्टी बाजूला पडते, तेव्हा वैमानिकास कल वाढविण्याचा मोह होतो. तशात वेग कमी असल्यास एका पंखाचे उत्थापन आधी ढासळून विमान गिरकी घेते. सावरण्याइतकी उंची त्या वेळी नसल्याने या चुकीचा शेवट बहुधा प्राणघातक होतो. धावपट्टीच्या शेवटी खड्ड्यात गेलेल्या विमानातून माणसे पुष्कळदा चालत बाहेर येतात. वळणात कोसळलेल्या विमानातून क्वचितच येतात.

उष्णता व हवेची घनता : विमानाचा वेगदर्शक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो. हवा विरळ असताना तोच आकडा दाखविणारे विमान जमिनीच्या मानाने अधिक वेगाने जात असते. हवा उंचीमुळे जशी विरळ होते, तशीच उष्णतेनेही होते. जळगाव विमानतळाची समुद्रसपाटीपासून उंची सु. २५६ मी. आहे, परंतु उन्हाळ्यात खानदेशात पारा ४३° से. च्या वर चढतो. त्या तापमानाला तेथील हवेची घनता प्रमाण वातावरणातील सु. १,३५० मी. उंचीवरील घनतेइतकी होते. म्हणजे मे महिन्यातील दुपारी जळगावला उतरणारे विमान हवेच्या दृष्टीने जणू महाबळेश्वराच्या पठारावर उतरत असते. त्याचा जमिनीसापेक्ष वेग सु. ७ टक्क्यांनी व थांबण्याचे अंतर सु. १४ टक्क्यांनी वाढते. विरळ हवेत एंजिनाची शक्ती व पंख्याचा रेटाही घटतो. त्यामुळे अवतरण सोडून पुन्हा वर चढण्याची वेळ आल्यास विमान अपेक्षेहून मंद गतीने चढते व धावपट्टीपलीकडील झाडे ओलांडणे अवघड होते.

तापलेल्या काळ्या जमिनीवरून हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह उठतात, तर शेजारच्या ओलिताखालील केळीच्या बागांवर हवा त्या मानाने थंड राहते. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर येताना विमान त्यामुळे वर उचलले जाते किंवा खाली बसते. हा परिणाम मध्यान्हापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत तीव्र असतो. प्रशिक्षणाची उड्डाणे उन्हाळ्यात सकाळी लवकर उरकण्याच्या पद्धतीमागे हेही एक कारण आहे.

वारा : विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरवितात. ताशी १०० किमी. हवाई वेगाने टेकणाऱ्या विमानाला ताशी १० किमी. चा समोरून वारा असल्यास त्याचा जमिनीवरील वेग ताशी ९० किमी., तर तोच वारा पाठीमागून असल्यास ११० किमी. होतो. दोहोंच्या वर्गांची तुलना केल्यास दुसऱ्या स्थितीत धावेचे अंतर जवळजवळ दीडपट होते. चेहऱ्याला जेमतेम जाणवणाऱ्या वाऱ्याकडे पाठ फिरविल्याची किंमत इतकी मोठी असते. आडवा वारा विमानाला धावपट्टीबाहेर ढकलतो. चाके टेकण्याच्या क्षणी विमानाचे नाक धावपट्टीच्या रेषेत नसल्यास चाकांवर आडवा ताण येतो व विमान एकदम वळून भिंगरीसारखे फिरते. शेपटीखाली चाक असणाऱ्या जुन्या विमानांत हा दोष अधिक होता.

तापीचे खोरे उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरले आहे. जळगावची धावपट्टीही सर्वसाधारणपणे याच दिशेत असल्याने पावसाळ्यातील पश्चिमेकडील वारा तिला बराचसा समांतर पडतो. मात्र पश्चिमेकडे तोंड करून सायंकाळी उतरताना मावळता सूर्य वैमानिकाच्या डोळ्यांवर येतो व धावपट्टी दिसेनाशी होते. डोंगराच्या आडोशास उतरणारा हवेचा प्रवाह किंवा झाडांच्या रांगेमागील भोवरे शेवटच्या काही मीटरांत विमानाचा तोल बिघडवितात. वळवाच्या पावसापूर्वी गडगडाटी ढगांतून खाली आदळणारी थंड हवा सर्वांत धोकादायक होय. ती जमिनीवर पसरताना काही सेकंदांत वाऱ्याची दिशा उलटवते. समोरचा वारा अकस्मात पाठीमागचा होतो व विमानाचा हवाई वेग तितकाच घटतो. जामनेर, पाचोरा, बोदवड या भागांत वैशाखात उठणाऱ्या धुळीच्या वादळाची भिंत दुरून दिसते. त्या वेळी उतरण्याची घाई न करता दुसऱ्या विमानतळाकडे वळणे हाच सुरक्षित उपाय होय.

पृष्ठभाग : खानदेशातील काळी कापसाची जमीन पाणी शोषून फुगते व वाळली की भेगाळते. अशा जमिनीवर केलेली कच्ची पट्टी उन्हाळ्यात टणक असली, तरी भेगांमुळे पुढच्या चाकाचा दांडा मोडू शकतो. पहिल्या पावसानंतर तीच पट्टी चिकट होऊन चाके रुततात व विमान नाकावर आपटण्याची भीती असते. पक्की धावपट्टीदेखील खालील मातीच्या हालचालीने खचते, तिच्यावर उंचवटे पडतात व कडेची खडी सुटते. सुटी खडी पंख्याच्या पात्यांना टवके पाडते. कोरड्या गवतावर ब्रेक कमी लागू पडतात. ओल्या गवतावर एकूण अवतरण-अंतर सु. एक तृतीयांशाने वाढते असे धरतात. आखूड व हिरव्या ओल्या गवतावर ते याहूनही पुष्कळ वाढू शकते.

पक्क्या धावपट्टीवर पाणी साचले असल्यास विशिष्ट वेगाच्या वर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो व ब्रेक निरुपयोगी होतात. हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. लहान विमानांच्या टायरमधील दाब कमी असल्याने त्यांत हा वेग ताशी सु. ९० किमी. इतकाच असतो, म्हणजे ज्या वेगाने विमान टेकते, जवळजवळ त्याच वेगाला टायर तरंगू लागतो. उतारावरील धावपट्टीचाही विचार करावा लागतो. दोन टक्के उतार असल्यास खालच्या दिशेने उतरणाऱ्या विमानाचे अंतर सु. एक दशांशाने वाढते.

दृष्टिभ्रम : वैमानिक धावपट्टीच्या दिसणाऱ्या आकारावरून आपली उंची व उताराचा कोन नकळत ताडतो. मोठ्या विमानतळाची सवय असलेल्या वैमानिकाला अरुंद धावपट्टी दिसली, की आपण फार उंचावर आहोत असे वाटते. तो खाली येतो व प्रत्यक्षात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांना किंवा बांधाला भिडतो. पुढे चढत गेलेल्या धावपट्टीनेही हाच भ्रम होतो; उतरत गेलेली धावपट्टी उलट भ्रम निर्माण करते. धुरकट हवेत वस्तू आहेत त्यापेक्षा दूर भासतात. रात्री भोवती वस्तीचे दिवे नसून केवळ धावपट्टीचे दिवे दिसत असतील, तर काळोखात उंचीचा अंदाज चुकून विमान गरजेपेक्षा खाली येते. यावर उपाय म्हणून धावपट्टीच्या बाजूस चार दिव्यांची मार्गदर्शक रांग बसवितात. दोन दिवे पांढरे व दोन तांबडे दिसल्यास उतार योग्य, चारही तांबडे दिसल्यास विमान धोकादायक इतके खाली असे समजते. लहान ग्रामीण पट्ट्यांवर अशी सोय बहुधा नसते.

परिसरातील अडथळे : विजेच्या तारा आकाशातून जवळजवळ दिसत नाहीत; त्यांचे खांब पाहूनच तारांचा अंदाज बांधावा लागतो. कुंपण नसलेल्या किंवा मोडलेल्या पट्टीवर गुरे, कुत्री व नीलगायी येतात. वर्षातून मोजकेच दिवस विमान येणारी पट्टी गावाच्या दृष्टीने एक सपाट मोकळे रान असते. तेथून पायवाट पडते, गुरे चरतात व सुगीत धान्यही वाळत घातले जाते. हा ग्रामस्थांचा बेजबाबदारपणा नसून पट्टीचा वापर व देखरेख यांतील अंतराचा परिणाम होय. नांगरटीच्या दिवसांत किडे टिपण्यासाठी बगळे व घारी जमतात. अशा पक्ष्याची धडक लहान विमानाच्या काचेला फोडू शकते.

नियंत्रणाचा अभाव : अनेक लहान धावपट्ट्यांवर हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, हवामान निरीक्षण व यंत्रांच्या साह्याने अवतरण करविणारी साधने नसतात. वैमानिक रेडिओवरून आपली जागा व हेतू स्वतः जाहीर करतो, वातदर्शक कापडी शंकू पाहून वाऱ्याचा अंदाज घेतो आणि धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरतो. त्यामुळे दृश्यमानता ही येथे कळीची बाब ठरते. हिवाळ्यात पहाटे नदीकाठच्या ओलसर शेतांवर धुके पसरते. शेतातील काडीकचरा जाळल्याचा धूर त्यात मिसळतो. वरून सरळ खाली पाहता धावपट्टी स्पष्ट दिसते, पण तिरप्या दृष्टीने धुक्याचा जाड थर आड येऊन शेवटच्या टप्प्यात ती नाहीशी होते.

काही अपघात : २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका परदेशी कंपनीचे प्रवासी जेट विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले व तिच्या टोकापलीकडे गेले. प्राणहानी झाली नाही, परंतु विमान निकामी झाले. जवळजवळच्या दोन धावपट्ट्या ओळखण्यात झालेल्या गफलतीचे हे उदाहरण होय. ८ ऑक्टोबर २००८ रोजी नेपाळमधील लुक्ला येथे धुक्यात उतरणारे ‘ट्विन ऑटर’ विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळून १८ जण मृत्युमुखी पडले. लुक्ल्याची धावपट्टी केवळ ५२७ मी. लांब असून सु. १२ टक्के चढाची आहे. तिच्या एका टोकाला डोंगर व दुसऱ्या टोकाला दरी असल्याने शेवटच्या टप्प्यात अवतरण सोडून देणे शक्य नसते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात व पाठीमागच्या वाऱ्यात उतरलेले बोईंग ७३७ विमान सु. २,७०० मी. लांबीच्या धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले व पलीकडच्या उतारावरून कोसळले. २१ जण मरण पावले. विमान मोठे व धावपट्टी लांब असली, तरी उशिरा टेकल्यामुळे उरलेली धावपट्टी आखूडच ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

१६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात वर्डी गावाच्या परिसरात एक प्रशिक्षण विमान सातपुड्याच्या रानात कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला व प्रशिक्षणार्थी जखमी झाली. ही घटना धावपट्टीपासून दूर घडली. परंतु जखमीला झोळीतून बाहेर काढण्याचे काम आदिवासी ग्रामस्थांनीच केले. ग्रामीण भागात विमान अपघाताच्या वेळी पहिली मदत बहुधा जवळच्या वस्तीकडूनच मिळते, ही बाब तीमुळे अधोरेखित झाली. बारामती परिसरात ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले. २८ जानेवारी २०२६ रोजी बारामती येथे उतरण्याच्या प्रयत्नात असलेले ‘लिअरजेट–४५’ हे लहान जेट विमान धावपट्टीच्या टोकाजवळ कोसळले व महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातील पाचही जण मृत्युमुखी पडले. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्राथमिक निवेदनानुसार दृश्यमानता सु. ३,००० मी. होती, धावपट्टी न दिसल्याने वैमानिकांनी पहिले अवतरण सोडून दिले होते व दुसऱ्या प्रयत्नात अपघात घडला. बारामतीची धावपट्टी पूर्ण नियंत्रण कक्ष नसलेल्या वर्गात मोडते व तेथे वाहतुकीची माहिती प्रशिक्षण संस्थांतील वैमानिकांकडून दिली जात असे. या घटनेने राज्यातील लहान धावपट्ट्यांवरील सोयींचा प्रश्न सर्वांसमोर आला.

प्रतिबंधक उपाय : उपायांचे दोन भाग पडतात, काही वैमानिकाच्या हाती असतात, तर काही धावपट्टीच्या व्यवस्थापनाच्या. व्यापारी वाहतुकीत सुरक्षेसाठी अंतरावर अधिभार धरतात. जेट विमानाचे अवतरण उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत व पंखाचक्री विमानाचे ७० टक्क्यांत पूर्ण झाले पाहिजे असा दंडक आहे. धावपट्टी ओली असल्यास आणखी १५ टक्के लांबी लागते. या हिशेबाने १,७०० मी. लांबीची धावपट्टी नियोजनाच्या दृष्टीने जेटला १,०२० मी. व पंखाचक्री विमानाला १,१९० मी. इतकीच ठरते. खाजगी व प्रशिक्षण विमानांसाठीही असाच अधिभार धरणे शहाणपणाचे मानतात.

अवतरणापूर्वी ठराविक उंचीला विमानाचा वेग, उतार, दिशा व फ्लॅप यांची स्थिती ठरल्याप्रमाणे स्थिर झालेली असावी. तसे नसल्यास अवतरण सोडून द्यावे, हा नियम आता सर्वमान्य आहे. आखूड धावपट्टीवर वैमानिक एखादी खूण, उदा., रंगविलेला दगड वा शंकूचा खांब, आधीच निश्चित करतो व तेथपर्यंत चाके टेकली नाहीत, तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर चढतो. निर्णय जमिनीजवळ घ्यायचा नसून आधी घेतलेला निर्णय तेथे फक्त अंमलात आणायचा असतो, हे यातील तत्त्व होय. पुष्कळ अपघातांच्या मुळाशी कौशल्याचा अभाव नसून परत फिरण्यातील संकोच असतो. प्रवासी खोळंबले आहेत, समारंभाची वेळ ठरली आहे, इंधन घटत आहे किंवा एकदा प्रयत्न फसला आहे, अशा दडपणाखाली तो बळावतो. म्हणून पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल इतके इंधन आणि परत फिरणाऱ्या वैमानिकास जाब न विचारण्याची प्रथा या दोन्ही गोष्टी सुरक्षिततेच्या साधनांत मोडतात.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे सपाट व अडथळारहित सुरक्षा क्षेत्र राखतात. मोठ्या धावपट्ट्यांसाठी ते किमान ९० मी. व शक्यतो २४० मी. लांब असावे असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तेवढी जागा नसल्यास चाकांखाली चुरडून विमानाला रोखणाऱ्या हलक्या काँक्रीटचा थर काही देशांत अंथरतात. याखेरीज शाबूत कुंपण, दोन्ही टोकांस वातदर्शक शंकू, उताराचे मार्गदर्शक दिवे, दृश्यमानतेची नोंद, झाडांची वेळोवेळी छाटणी, तारांवर रंगीत गोळे, पाण्याचा निचरा व अग्निशामक पथक या सोयी तुलनेने थोड्या खर्चात करता येतात. आसपासच्या गावांतील शाळा, पोलीस पाटील व आरोग्य केंद्रे यांना अपघातप्रसंगी काय करावे याची माहिती देणे हाही या व्यवस्थेचा भाग होय. विशेषतः सांडलेल्या इंधनाजवळ विडी-काडी न पेटविणे, फिरत्या पंख्यापासून दूर राहणे व जखमीला उचलताना मान न हलविणे या साध्या गोष्टी प्राण वाचवू शकतात.

आखूड धावपट्टी स्वभावतः असुरक्षित नसते. योग्य विमान, मोजलेले वजन, अनुकूल हवा व परत फिरण्याची तयारी असल्यास अशा पट्टीवर वर्षानुवर्षे निर्वेध अवतरणे होत राहतात. जिल्ह्याच्या गावांना हवाई मार्गाने जोडण्याच्या प्रयत्नात अशा पट्ट्यांचा वापर वाढत आहे. धावपट्टीची लांबी वाढविणे खर्चाचे व भूसंपादनाच्या दृष्टीने अवघड असते. तिच्याभोवतीची माहिती, देखरेख व शिस्त वाढविणे मात्र प्रत्येक ठिकाणी शक्य असते.